सर्व्हरचा रिमोट पडदा फाटतोय? पॉवर रिसेट दाबण्याआधी या चुका टाळा

कापसाच्या जिनिंगचा, म्हणजे सरकी काढण्याचा, हंगाम भरात होता. रात्री साडेदहाला दोंडाईच्याहून फोन आला, "पडदा फाटी गया भाऊ, आते काय करू?" मिलमधला रात्रपाळीचा पोरगा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा रिमोट कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा पडदा लांबून दाखवणारी खिडकी, उघडून बसला होता. समोर तिरप्या पट्ट्या, तुटलेली अक्षरं, सगळ्यावर गुलाबी झाक. मी जळगावात. "थांब, कशाला हात लावू नको," एवढं म्हणेपर्यंत त्याने कन्सोलमधलं पॉवर रिसेट दाबलं होतं. पडदा सरळ झाला, पण त्याच वेळी वजनकाट्याच्या डेटाबेसमध्ये दिवसभराच्या काटापावत्या चढत होत्या. ते काम मध्येच तुटलं आणि डेटाबेस उघडेना. पहाटेपर्यंत आम्ही आदल्या रात्रीचा बॅकअप घेऊन कागदी पावत्या एकेक करून पुन्हा भरत होतो. शेतकऱ्याच्या कापसाचं वजन आहे ते, अंदाजाने भरता येत नाही.

सर्व्हर त्या रात्री ठणठणीत होता. बिघडलं होतं फक्त चित्र. खानदेशात माझ्यासारखे बरेच जण एका गावात बसून चार गावांचे सर्व्हर सांभाळतात. त्यांच्या हातून, आणि आधी माझ्याही हातून, ज्या चुका झाल्या त्या इथे मांडतो.

पडदा गेला म्हणजे सर्व्हर गेला, असं धरणं

पहिला प्रश्न पडद्याला विचारायचा नाही, माणसाला विचारायचा. "मुनीमजी, तुमच्याकडे बिल निघतंय का?" निघत असेल तर सर्व्हर चालू आहे, आणि रिसेटचं बटण हा उपाय नाही. कोणी जागेवर नसेल तर सर्व्हरला पिंग करा, म्हणजे नेटवरून तो उत्तर देतो का बघा, शेअर केलेलं फोल्डर उघडतं का पाहा, एसएसएच (लांबून आज्ञा टाइप करायची वाट) किंवा रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येतं का पाहा. आत शिरता आलं तर अर्धी लढाई तिथेच संपते. फाटलेल्या कन्सोलशी झगडण्याची गरजच उरत नाही, हवं ते काम त्या दुसऱ्या दाराने करा. सर्व्हर बंदच करायचा असेल तरी तिथूनच, रीतसर शटडाऊन देऊन करा.

चित्र कुठे बिघडलं हे न बघता उपाय सुरू करणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून इथे जरा थांबतो.

सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी नावाची एक छोटी स्वतंत्र चिप असते. डेलमध्ये तिच्या व्यवस्थेला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ, सुपरमायक्रोवर साधं आयपीएमआय. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम चित्र तयार करून व्हिडिओ मेमरीत ठेवते. बीएमसी ते चित्र उचलते, दाबून लहान करते आणि नेटवरून पाठवते. तुमचा ब्राउझर ते उलगडून दाखवतो. म्हणजे तीन टप्पे झाले, आणि प्रत्येक टप्प्यावरचा बिघाड वेगळा दिसतो.

सर्व्हरकडेच गोंधळ असेल तर मागच्या व्हीजीए पोर्टला मॉनिटर लावल्यावर तिथेही तशाच पट्ट्या दिसतात. जागेवरच्या माणसाला मॉनिटर लावायला सांगा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा. नंदुरबारपर्यंतची फेरी या एका फोटोने वाचते. मॉनिटरवर स्वच्छ आणि तुमच्याकडे फाटकं दिसत असेल तर दोष बीएमसीचा किंवा तुमच्या बाजूचा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये तोच कन्सोल उघडा. तिथे नीट दिसला तर सर्व्हरला हात लावायचं कारणच नाही. ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करा, पानाचा झूम शंभर टक्क्यांवर आणा, आणि जावावाला जुना व्ह्यूअर, म्हणजे कन्सोल दाखवणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर एचटीएमएल ५ वाला निवडा.

सगळं खापर नेटवर फोडणं

"आपल्याकडे नेटच तसं आहे" हे वाक्य मी रोज ऐकतो. नेट खराब असतंही. पण रिमोट कन्सोल बहुधा टीसीपी या नेटवरून माहिती पाठवण्याच्या पद्धतीने चालतो, आणि टीसीपीत वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. त्यामुळे नेट कच्चं असेल तर चित्र अडकतं, मागे पडतं, कर्सरची शेपूट राहते, जुने चौकोन तसेच दिसतात. तिरपं मात्र होत नाही. संपूर्ण पडदा कोणीतरी कापून सरकवल्यासारखा तिरपा दिसत असेल, तर एका ओळीत किती बिंदू आहेत याबद्दल चित्र काढणारा आणि चित्र वाचणारा यांचं एकमत नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट बदलून ते सुटणार नाही.

अडकणारं चित्र असेल तर व्ह्यूअरमधली क्वालिटी आणि रंगांची खोली कमी करा, रिफ्रेश दाबा, आणि दुसऱ्या कोणी कन्सोल उघडा ठेवला असेल तर तो बंद करायला सांगा.

मोठं रिझोल्यूशन लावणं

कोणीतरी सर्व्हरवर डेस्कटॉप टाकतो, चकाचक दिसावा म्हणून रिझोल्यूशन वाढवतो आणि निघून जातो. बीएमसीतल्या ग्राफिक्सची मर्यादा बहुतेक ठिकाणी १९२० गुणिले १२००, तेही ६० हर्ट्‌झवर. जुन्या सर्व्हरवर तेवढंही पेलत नाही. त्यातल्या मॅट्रॉक्स जी २०० या ग्राफिक्स चिपला अनेक बोर्डांवर ८ एमबीच मेमरी असते. हिशोब करून पाहा: १९२० गुणिले १२०० बिंदू, प्रत्येकाला ३२ बिट म्हणजे ४ बाइट, एकूण साधारण ९.२ एमबी. आठात नऊ मावत नाही. रंग १६ बिटवर आणले की तेच चित्र ४.६ एमबीत बसतं.

माझा नियम सरळ आहे. सर्व्हरचा कन्सोल १०२४ गुणिले ७६८, ६० हर्ट्‌झ. त्यावर कोणाला सिनेमा बघायचा नसतो.

बायोसपर्यंत नीट, पुढे फाटलं, तरी बायोसमध्येच शोधत बसणं

सर्व्हर चालू होताना बायोसचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, पान आणि कंपनीचं चिन्ह स्वच्छ दिसतं, बूट मेन्यू स्वच्छ दिसतो, आणि लिनक्स सुरू झालं की कचरा. याचा अर्थ हार्डवेअर आणि बीएमसी बहुधा ठीक आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमचा ग्राफिक्स ड्रायव्हर ताबा घेतो तिथे गडबड होते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटनंतर हे जास्त घडतं.

आधी सोपं करून पाहा: कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ दाबून दुसऱ्या टेक्स्ट कन्सोलवर जा. नुसत्या या बदलाने कित्येकदा पडदा पुन्हा नीट आखला जातो. हे बटण तुमच्या स्वतःच्या कीबोर्डवरून दाबलं तर तुमचाच कॉम्प्युटर ते गिळतो, म्हणून व्ह्यूअरमधल्या मॅक्रो किंवा व्हर्च्युअल कीबोर्डवरून पाठवा. एवढ्याने जमलं नाही तर कामकाजाची वेळ टाळून सर्व्हर रीतसर रीबूट करा. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेन्यूत ई दाबून लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द जोडा, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान आणि सलग. मग कंट्रोल आणि एक्स दाबा. या शब्दाने ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चुकलात तरी नुकसान नाही. पडदा स्वच्छ आला तर निदान पक्कं झालं, मग तोच शब्द ग्रबच्या कायमच्या सेटिंगमध्ये घाला. सर्व्हरमध्ये कामाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र तो कायमचा ठेवू नका, कार्डाचा ड्रायव्हर त्यामुळे अडतो.

ग्राफिक्स कार्डावरून आठवलं. नवं कार्ड बसवल्यावर रिमोट पडदा काळा पडला किंवा एका चित्रावर गोठला, तर ते चित्र कार्डाकडे वळलेलं असतं आणि बीएमसीला स्वतःच्या ग्राफिक्सवरचंच दिसतं. बायोसमध्ये मुख्य डिस्प्ले म्हणून ऑनबोर्ड निवडा.

सर्व्हर रीस्टार्ट केला म्हणजे बीएमसीही रीस्टार्ट झाली, असं समजणं

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, लाईट दिवसातून कितीदा लपकते याला हिशोब नाही. अशा झटक्यांनंतर बीएमसी अर्धवट अडकते: लॉगिन होतं, पंख्यांचे आकडे दिसतात, पण पडद्यावर मुंग्या. लोक सर्व्हर तीन-तीनदा रीस्टार्ट करतात आणि काही बदलत नाही. बदलणार कसं? बीएमसी स्टँडबाय विजेवर चालते. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली आहे तोवर ती जागीच असते.

तिला तिचं स्वतःचं रीसेट द्यावं लागतं. वेब पानावर तसा पर्याय असतो, नाहीतर आयपीएमआयटूल या बीएमसीला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एमसी रीसेट कोल्ड ही आज्ञा. बहुतेक सर्व्हरवर याने चालू काम थांबत नाही. एक-दोन मिनिटं पंखे जोरात फिरू शकतात, त्या आवाजाने जागेवरचा माणूस घाबरून वायर ओढायला धावतो, म्हणून त्याला आधी फोन करून ठेवा. हे केल्याशिवाय फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅमच्या, अपडेटकडे वळू नका. अडकलेल्या बीएमसीवर, लाईटचा भरवसा नसताना, यूपीएसची बॅटरी न तपासता अपडेट लावणं म्हणजे बरी होणारी चिप कायमची गमावण्याचा धोका.

केबलकडे न बघणं

वेगळा केव्हीएम डबा (सर्व्हरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस लांबून देणारा) लावून सर्व्हर बघत असाल तर मध्ये व्हीजीएची केबल असते, आणि तिच्यातली एक पिन वाकली की एक रंग जातो. पांढरा पडदा पिवळा दिसला तर निळा रंग येत नाही, गुलाबीसर दिसला तर हिरवा, आणि आकाशी दिसला तर लाल. दोंडाईच्याची ती गुलाबी झाकही शेवटी अशा केबलचीच निघाली. जिनिंगमध्ये कापसाची रुई हवेत तरंगत असते, ती कनेक्टरमध्ये जाऊन बसते आणि प्लग पूर्ण आत जात नाही. आता तिथे हंगामात दर महिन्याला सर्व्हर बंद करून कनेक्टर ब्रशने साफ केले जातात.

सिरियल कन्सोलवरच्या कचऱ्यालाही व्हिडिओचा दोष समजणं

सिरियल कन्सोल म्हणजे चित्राऐवजी नुसती अक्षरं पाठवणारी वाट. तिथे अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचा पाऊस पडत असेल तर बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवण्याचा वेग, जुळत नाही. बायोस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बीएमसी, तिन्हीकडे एकच आकडा हवा, बहुधा १,१५,२००. एकीकडे ९,६०० राहिला की खिचडी. एसएसएचमध्ये एखादी बायनरी फाईल चुकून उघडल्यावर पडदा बिघडला असेल तर आंधळेपणानेच रीसेट हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा, दिसत नसलं तरी आज्ञा पोचते.

घाईत बीएमसी थेट इंटरनेटवर उघडी करणं

व्हीपीएनमुळे, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेमुळे, चित्र अडकतंय असं वाटून राउटरवर पोर्ट उघडून देणारे मी पाहिले आहेत. हे करू नका. आयपीएमआय २.०, म्हणजे बीएमसीशी बोलण्याची ठरलेली पद्धत, ही २००४ ची रचना आहे, आणि तिच्या लॉगिनच्या पद्धतीतच एक खोट आहे: पासवर्ड न देताच नुसतं युजरनेम सांगणाऱ्याला ती त्या खात्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा, देते, आणि तो घरी नेऊन सावकाश फोडता येतो. बीएमसी हातात आली म्हणजे पॉवर बटण, डिस्क आणि पडदा, सगळंच परक्याच्या हातात. राउटरवर ६२३ नंबरचं यूडीपी पोर्ट आणि बीएमसीचं वेब पान बाहेरून बंद आहे का, आजच तपासा. मागे कधी उघडं राहिलं असेल तर ते बंद करून बीएमसीचे सगळे पासवर्ड बदला, आणि युजरची यादीही वाचा. तुम्ही न बनवलेलं नाव तिथे दिसलं तर ते काढून टाका आणि ते बीएमसीपुरतंच होतं असं धरू नका, सर्व्हरवरचीही खाती तपासा.