भिंतीवरचं जुनं टाइल अ‍ॅडहेसिव्ह कसं काढावं

टाइल्स निघाल्या, पण अ‍ॅडहेसिव्हच्या रेघा आणि गोळे भिंतीवरच राहिले, की हात आधी ग्राइंडरकडे जातो. तो जरा आवरा. अ‍ॅडहेसिव्ह कडक आणि त्याखालचा गिलावा मऊ, ही या कामातली खरी गोम आहे.

किती काढायचं?

पुन्हा टाइल्सच लावायच्या असतील तर भिंत कोरी करायची गरज नाही. घट्ट बसलेला पातळ थर राहिला तरी चालतो. उंचवटे काढा आणि लांब सरळ पट्टी टेकवून पाहा. ती डुगडुगली नाही म्हणजे झालं. रंग द्यायचा असेल तर मात्र गिलाव्याच्या पातळीपर्यंत यावं लागतं, बाकीचं पुट्टी सांभाळून घेते.

भिंत आणि अ‍ॅडहेसिव्ह ओळखा

हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सुटलेला असतो. निम्मी भिंत अशी निघाली तर खरवडत बसू नका, सरळ गिलावाच उतरवा आणि नवा करा. कष्ट आणि धूळ दोन्ही कमी होतात.

मग उघड्या गिलाव्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून ओढा. पांढरी भुकटी पडून खोल चर उमटला तर गिलावा जिप्समचा. वाळूचे कण सुटले आणि नुसता ओरखडा आला तर सिमेंट. जिप्सम पाणी पिऊन मऊ पडतं, म्हणून तिथे पाणी बेतानेच.

आता अ‍ॅडहेसिव्हच्या एका कोपऱ्यावर कोमट पाण्याचा फडका 15-20 मिनिटं धरा. थर चिकट झाला तर ती डब्यातली तयार पेस्ट आहे. ती कोमट पाण्याने किंवा हीट गनने मऊ करून स्क्रेपरने काढता येते. घासायला गेलात तर ग्राइंडरची डिस्क भरून जाते. फरक पडला नाही तर बहुधा सिमेंटचं अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे फोडण्या-घासण्याला पर्याय नाही. त्यावर अ‍ॅसिड वापरायचा मोह टाळा: सिमेंटचं अ‍ॅडहेसिव्ह खाणारं अ‍ॅसिड सिमेंटचा गिलावाही खातं. जुन्या घरात डांबरासारखा काळा थर दिसला तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असू शकतं. तो न खरवडता आधी तपासून घ्या.

काढताना

त्या खोलीची वीज बंद करा, यंत्रांना ती दुसऱ्या खोलीतून घ्या. स्विचबोर्ड आणि नळाच्या सरळ वर-खाली वायर किंवा पाइप असण्याची शक्यता धरून चाला. सिमेंट-वाळूच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-95 मास्क आणि गॉगल हवाच.

सुरुवात कडेपासून. रुंद छिन्नी भिंतीला जवळजवळ आडवी धरा, धारेची उतरती बाजू भिंतीकडे, आणि हातोडीने हलके ठोके द्या. छिन्नी उभी धरली की ती गिलाव्यात घुसते. बरेचसे गोळे एवढ्यानेच ढलप्यांसारखे उडतात. सिमेंटच्या गिलाव्यावर रुंद छिन्नी लावलेलं हॅमर मशीनही चालतं, जिप्समवर नको.

उरलेल्या रेघांसाठी ग्राइंडरला डायमंड कप व्हील (घासायची वाटीसारखी चकती) लावा, पण त्यावर धूळ ओढणारं कव्हर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम असेल तरच. हात एका जागी थांबू देऊ नका, लगेच खळगा पडतो. कोपऱ्यात आणि जिप्समवर कार्बाइड ब्लेडचं मल्टिटूल (थरथरत्या पात्याचं छोटं यंत्र) बरं: वेळखाऊ आहे, पण सांभाळून काढतं.

नंतर

धूळ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. धुळीवर काहीच चिकटत नाही. खड्डे मूळ गिलाव्याच्याच जातीच्या मालाने भरा. सिमेंटचे मोठे ठिगळ असतील तर आठवडाभर पाणी मारा. जिप्समवर सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हने टाइल्स लावणार असाल तर प्रायमर चुकवू नका. ओल राहिली की सिमेंट आणि जिप्सममध्ये प्रक्रिया होऊन फुगणारे स्फटिक तयार होतात आणि टाइल सुटते. जुन्या टाइल्स अख्ख्या थरासकट सहज निघाल्या असतील, तर कारण तेच असू शकतं. बाथरूममध्ये खरवडताना वॉटरप्रूफिंग फाटलंच असं धरून ते नव्याने करा.

राडारोडा कोरडाच गोणीत भरा आणि भांडी-अवजारं धुतलेलं सिमेंटचं पाणी मोरीत ओतू नका; खाली बसलेला गाळ पाइपात घट्ट होतो.