सुया मोजून घाला, मोजून काढा

माझं ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर नुसत्या बारीक सुया टोचून उपचार करण्याचं, क्लिनिक सोलापूरच्या पूर्व भागात, राहत्या घराच्या तळमजल्यावर. तीन पलंग, मध्ये पडदे. येणाऱ्यांत निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली, त्यामुळे मान, खांदा आणि अंगठ्याचं मूळ दुखत असतं. बाकीचे यंत्रमागावरचे, कंबर आणि पोटऱ्या घेऊन येणारे. प्रत्येक नवा माणूस आत येताना एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, सुईत औषध कुठलं भरता?"

दरवर्षी एकदोन मुली कोर्स संपवून माझ्याकडे बसायला येतात. सगळ्या बिंदूंची नावं त्यांना चिनी उच्चारासकट पाठ असतात. पण समोर पाय आला की हात थरथरतो. त्यांना पहिल्या काही आठवड्यांत जे सांगते ते इथे लिहिते आहे.

कागद आधी उरकू. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. तिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय पाटी लावू नका. जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, एका खोलीच्या क्लिनिकलासुद्धा.

हात बसायला सोलापुरी चादर घ्या. धुऊन मऊ झालेली नको, नवी करकरीत हवी. तिची चौपदरी घडी घाला आणि 0.25 मिलिमीटर जाड, 40 मिलिमीटर लांब सुई, ती सरळ धरून ठेवणारी नळी न वापरता, आत घाला. पहिल्या दिवशी सुई वाकतेच, कारण आपण ती मागून ढकलतो. डाव्या हाताच्या चिमटीत कापूस घेऊन सुईचं टोक धरायचं, उजव्या हाताने दांडी अंगठा आणि तर्जनीत किंचित फिरवत सरळ रेषेत दाब द्यायचा. घडी पार व्हायला लागली की मग स्वतःचा पाय. स्वतःच्या पायात पन्नासेक सुया गेल्याशिवाय मी कुणाला पेशंटला हात लावू देत नाही. एकीची आई माझ्याशी भांडायला आली होती, पोरीचे पाय बघून.

आता पेशंट. नाव, वय, तक्रार सगळेच विचारतात. मी आधी विचारते, "सकाळपासून काय खाल्लंय?"

याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, श्रावणी सोमवार होता. मागावरचा पंचविशीचा तगडा पोरगा आला, अंगठ्यात कळ म्हणून. स्टुलावरच बसवला, हातातच तर टोचायचंय, पलंग कशाला अडवा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या हेगू बिंदूवर सुई गेली. त्याने एक जांभई दिली. मला वाटलं, रात्रपाळी करून आलाय. दुसरी जांभई, कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि तो माझ्या अंगावर कोसळला. उपास होता. चहासुद्धा घेतला नव्हता. त्या दिवसापासून पहिल्या वेळी सगळ्यांना आडवंच झोपवते, पैलवान असला तरी. जांभई दिसली की समजा. सगळ्या सुया लगेच काढा, पाय उशीवर उंच करा, पंखा वाढवा, नाकाखाली वरच्या ओठाच्या खोबणीत नखाने दाबा. शुद्ध आल्यावर गोड पाणी. बहुतेक जण पाच मिनिटांत उठून लाजतात. शुद्ध आली नाही तर दवाखान्यात न्या, स्वतः बरोबर जा.

पुढचे प्रश्न पडद्याआड विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? पेसमेकर आहे का? असेल तर सुयांना जोडायचं करंटचं मशीन त्याच्या जवळपासही न्यायचं नाही. पाळी कधी आली होती? सासू बाहेर बाकावर बसलेली असताना कुठलीही सून मोठ्याने उत्तर देणार नाही, म्हणून कानाशी जाऊन विचारायचं. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी हेगू आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा सानयिनजियाव हे दोन बिंदू सोडून द्या. पोट आणि कंबरेच्या खालच्या भागातही सुई नाही.

आणि परत पाठवायला शिका. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, तर आपल्या पलंगावर घेऊच नका, लगेच रिक्षा बोलवा. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात आला पाहिजे. डावा खांदा दुखतोय म्हणून एक कामगार आले होते. खांदा हलवला तरी दुखणं वाढेना, दाबला तरी वाढेना, पण जिना चढताना वाढायचं. मी सुया न लावता ईसीजीला पाठवलं. ते वीस मिनिटं माझ्याशी वाद घालत होते की पैसे घ्या आणि दोन सुया मारा.

एक बिंदू जवळून बघू, कारण तो आला की बाकीच्यांची रीत कळते. झूसानली, गुडघ्याखालचा. पेशंट उताणा, गुडघ्याखाली उशी, म्हणजे गुडघा जरासा वाकलेला. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला एक खळगा लागतो. तिथून पेशंटची स्वतःची चार बोटं आडवी ठेवायची. तुमची नाही, त्याची. चार बोटं म्हणजे तीन छून, आणि छून हे माप ज्याच्या त्याच्या अंगाचं असतं. माझी बोटं जाड आहेत. विडीवाल्या आजींच्या काडीसारख्या पायावर माझी बोटं लावली तर बिंदू पोटरीपर्यंत घसरेल. चार बोटं संपतात तिथे नडगीच्या धारेपासून अंगठ्याएवढं बाहेर सरका. आता दाबा. योग्य जागी अंगठा किंचित आत जातो आणि पेशंट भुवया उंचावतो. स्पिरिटने पुसून ते वाळू द्या, ओल्यावर टोचलं की झोंबतं. नळी ठेवा, "श्वास सोडा" म्हणा, टिचकी मारा. मग नळी काढून सुई सरळ, सावकाश आत. साधारण अडीच सेंटिमीटरवर हाताला फरक कळतो. लोण्यात चाललेली सुई अचानक कुणीतरी आतून धरल्यासारखी होते. चिनी वैद्य याला गळाला मासा लागल्याची उपमा देतात. यालाच ते दछी म्हणतात. पेशंटला त्या वेळी जडपणा किंवा पायाकडे सरकणारा ठणका जाणवतो.

तो जाणवला का हे विचारण्यासाठी मला तेलुगू शिकावं लागलं. माझ्या निम्म्या पेशंट घरात तेलुगू बोलतात. बरुवु म्हणजे जड, तिम्मिरी म्हणजे मुंग्या, मंट म्हणजे आग, नोप्पि म्हणजे दुखणं. बरुवु आणि थोडी तिम्मिरी चालेल. मंट म्हणाली तर सुई कातडीतच अडकली आहे, किंचित खोल घाला. विजेसारखी कळ गेली तर सुई नसेला लागली आहे, मागे घ्या आणि तिथे पुन्हा जोर करू नका. नव्या मुली घाबरून "दुखतंय का, दुखतंय का" विचारत राहतात. मग पेशंटला दुखायलाच लागतं. "कसं वाटतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

सुई अडकली तर ओढू नका. स्नायू आवळला गेलेला असतो. आजूबाजूला बोटांनी हलकं चोळा, दोन मिनिटं थांबा, ज्या दिशेला फिरवली होती त्याच्या उलट फिरवा. तरी निघाली नाही तर इंचभरावर दुसरी सुई लावा, पहिली सुटते.

खांद्यावर मात्र मी कुणालाच वर्षभर टोचू देत नाही. मानेचं मूळ आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध जियानजिंग नावाचा बिंदू आहे. मानदुखीत पेशंट बोट ठेवून दाखवते ती जागा हीच, आणि हात शिवशिवतो तोही इथेच. पण तिच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. माझ्या पेशंट बारीक, कातडी आणि हाड यांच्यात फारसं काही नाही. सरळ खाली घातलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. स्नायू चिमटीत वर उचलायचा आणि सुई आडवी, पुढून मागे, फक्त त्या चिमटीतून न्यायची. चिमटीत येण्याएवढा स्नायूच नसेल तर तिथे टोचायचंच नाही. छाती आणि पाठीच्या वरच्या भागात तर सुई नेहमी तिरपी आणि उथळ. दम लागणं, कोरडा खोकला, श्वासाबरोबर छातीत टोचणं हे घरी गेल्यावर काही तासांनीही सुरू होऊ शकतं, म्हणून माझा फोन रात्री चालू असतो. आखडलेल्या मानेसाठी मी बहुधा हातावरच काम भागवते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये, हाताच्या पाठीवर, लुओजेन म्हणून बिंदू आहे. सुई ठेवून मान हळूहळू दोन्हीकडे फिरवायला लावायची.

गुण किती येतो? जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के सुधारले होते, बिंदू सोडून उथळ सुया टोचलेल्यांपैकी 44.2, आणि औषधं-व्यायामाचे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4. यावर आमच्या लोकांत भांडणं होतात. मी त्यातून एवढंच घेतलंय की अर्ध्या छूनवरून वाद घालत बसण्यापेक्षा फुप्फुस कुठे आहे ते नीट शिकावं. पेशंटला मी आठ-दहा वेळा यायला सांगते, आठवड्यातून दोनदा. पाच वेळा येऊन काहीच फरक नसेल तर तसं तोंडावर सांगते आणि थांबवते. विडीवालीची एक खेप म्हणजे तेवढ्या वेळच्या विड्या बुडाल्या, हे लक्षात ठेवा. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आपल्या सांगण्यावरून कुणी बंद करता कामा नये.

सोलापुरात असल्यामुळे आणखी एक प्रश्न येतो. "ही विद्या आपल्या कोटणीस डॉक्टरांनी आणली ना?" नाही. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, पण ते सर्जन. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं. हे सांगितलं की लोक जरा हिरमुसतात.

मोक्सा, म्हणजे दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची पेटवलेली कांडी, शेजाऱ्यांना आधी सांगून मगच वापरा. वास गांजासारखा येतो. आमच्या समोरच्या काकांनी एकदा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन समजावलं होतं. मधुमेह्याच्या तळव्याजवळ मात्र मोक्साही नको आणि शेकायचा लाल दिवाही नको. त्यांना चटका कळत नाही, फोड उठल्यावर कळतं.

मोजणी. सुया लावताना आकडा मोठ्याने म्हणा आणि वहीत लिहा. माझी चूक सांगते. एका बाईंच्या डोक्यावर टाळूच्या बिंदूवर सुई लावली होती. दाट केस, घट्ट अंबाडा. अंगावरच्या दहा काढल्या, अकरावी विसरले. त्या घरी गेल्या, रात्री केस सोडले तेव्हा ती फणीला लागली. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून सुई परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमची राहिली होती." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता अकरा लावल्या तर ट्रेमध्ये अकरा दिसल्याशिवाय पेशंट चप्पल घालत नाही.

सुई एकदाच वापरायची. "त्याच धुऊन मला लावा, पैसे कमी घ्या" असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. काढलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण बंद. त्यात पुन्हा हात घालायचा नाही, अंगठी पडली तरी. कचऱ्याची गाडी आली की तो माणूस डबा हलवून बघतो. वर्षातून एक महिना तो हमखास म्हणतो, "मॅडम, या वेळी हलका आहे." श्रावण असतो. उपासाच्या दिवशी मी कुणाला घेत नाही.