टिकाऊ आणि चांगल्या आवाजाचं इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट कसं निवडावं

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो आवाजांचा आकडा. इतके शे आवाज, इतकी तयार किट्स. निवड करताना या आकड्याकडे सगळ्यात शेवटी पाहावं. रोजच्या वाजवण्यात त्यातली चार-पाच किट्सच वापरली जातात, बाकीची फारशी कोणी उघडतही नाही. किट घेतल्याचं समाधान टिकतं ते दोन गोष्टींवर: हलक्या हाताचा आघात त्याला किती नीट कळतो, आणि रोज मार खाणारे भाग कशाचे आहेत व ते बदलता येतात का.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढची तपासणी सोपी जाईल. पॅडच्या खाली पिझो नावाची पातळ चकती असते. काठी पडली की पॅड थरथरतं आणि त्या चकतीत क्षणभर सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. मॉड्यूल, म्हणजे किटचा मेंदू, तो दाब मोजतं, त्यावरून आघात किती जोराचा होता हे ठरवतं आणि त्या जोराला साजेसा आवाज काढतं. १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक यांची आपसात बोलायची सामाईक भाषा) हा जोर १ ते १२७ अशा पायऱ्यांत मोजला जातो, आणि आजही बहुतेक किट्स हीच मोजपट्टी वापरतात. म्हणजे कामाचे दोन वाटे झाले. पॅडनं ओळखायचं आणि मॉड्यूलनं उत्तर द्यायचं. महागडं मॉड्यूलही ओबडधोबड पॅडला वाचवू शकत नाही.

कशासाठी हवंय ते आधी ठरवा

घरी सराव, मंचावर वादन आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत. सरावासाठी पॅडची उसळी आणि शांतता महत्त्वाची. मंचासाठी मजबूत सांगाडा आणि मॉड्यूलला वेगवेगळी आउटपुट्स हवीत, म्हणजे ध्वनिसंयोजकाला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (वादकाच्या समोरचा, करकरीत आवाजाचा ड्रम) स्वतंत्र मिळतात. संगणकावर ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर सुपिरिअर ड्रमर किंवा अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्ससारख्या सॉफ्टवेअरमधले आवाज वापरता येतात. मग मॉड्यूलमधल्या आवाजांचं महत्त्व कमी होतं आणि सगळा भर पॅडच्या अचूकतेवर येतो. अशा वेळी जास्तीचे पैसे पॅडवर घालावेत.

जागाही आधीच मोजून घ्या. लहान किटलाही स्टुलासकट साधारण दीड मीटर लांब-रुंद जागा लागते. कोपर मोकळे हलायला हवेत.

पॅड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

१९८१ च्या सुमारास आलेल्या सिमन्स एसडीएस-५ या किटचे षटकोनी पॅड कडक प्लॅस्टिकचे होते. दिसायला देखणे, पण त्यांवर वाजवून मनगटं दुखतात अशी वादकांची तक्रार असे. पुढे रबर आलं. १९९७ मध्ये रोलंडनं टीडी-१० बरोबर जाळीचे, म्हणजे मेशचे पॅड आणले आणि तिथून चित्र बदललं. यामाहानं स्वतःच्या वरच्या किट्ससाठी सिलिकॉनचा पृष्ठभाग काढला.

रबराचे पॅड दणकट असतात, वर्षानुवर्षं चालतात. पण काठी आपटल्याचा ठकठक आवाज खोलीभर होतो, आणि उसळी कडक असल्यानं हाताला झटके बसतात. टॉमला, म्हणजे स्नेअरभोवतीच्या बाकीच्या ड्रमना, रबर चालेल, स्नेअरला शक्यतो नको. मेश शांत असतं, आणि ड्रमच्या किल्लीनं ते हवं तितकं ताणता येतं. मात्र एकपदरी मेश काठीला गरजेपेक्षा जास्त उसळवतं. त्यावर शिकलेल्या हाताला खऱ्या ड्रमवर रोल (जलद, सलग ठोके) वाजवताना अडचण येते, कारण तिथे इतकी उसळी फुकट मिळत नाही. दुपदरी किंवा तिपदरी मेश घ्या. सिलिकॉन मेशपेक्षा थोडा जड प्रतिसाद देतं. काहींना तोच जास्त खरा वाटतो, तेव्हा दोन्हींवर हात ठेवून पाहावा.

आकाराबाबत माझं मत स्पष्ट आहे: स्नेअर किमान १० इंचांचा हवा, १२ असेल तर उत्तम. ८ इंचांच्या स्नेअरवर रिमशॉट (कडा आणि पृष्ठभाग एकदम वाजवणं) आणि क्रॉस-स्टिकला (काठी आडवी टेकवून कडेवर ठोकणं) जागाच उरत नाही. स्नेअरला दोन झोन हवेतच, मध्यभाग वेगळा आणि कडा वेगळी.

आता सेन्सर. बऱ्याच मेश पॅडमध्ये बरोबर मधोमध फोमचा शंकू असतो आणि त्याखाली पिझो. काठी शंकूच्या डोक्यावर पडली की आवाज एकदम मोठा येतो, दोन बोटं बाजूला पडली की लहान. याला हॉट स्पॉट म्हणतात. तपासायचं कसं? काठी एकाच उंचीवरून, एकाच जोरात टाकत कडेपासून मध्यापर्यंत आणि पलीकडच्या कडेपर्यंत हळूहळू न्या. आवाजाची पातळी सगळीकडे जवळपास सारखी राहिली पाहिजे. मधेच उसळी मारत असेल तर सेन्सरची बैठक किंवा मॉड्यूलचं गणित कच्चं आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न इथे एकच: मेश फाटलं तर ते बदलता येतं का? गोल कडी आणि चौकोनी डोक्याचे स्क्रू असलेल्या पॅडवर ८, १०, १२ किंवा १४ इंच अशा प्रचलित मापाचं कुठल्याही कंपनीचं मेश सहसा बसतं. एकसंध, न उघडणारं पॅड फाटलं तर पूर्णच बदलावं लागतं. हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

हाय-हॅट आणि किक

स्वस्त किट सगळ्यात आधी उघडं पडतं ते हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीवर. पाऊल पूर्ण वर आणि पूर्ण खाली या दोनच अवस्था ओळखणारा पेडल असेल, तर त्यावर हाय-हॅटचं खरं वादन शिकता येत नाही. त्यातली सगळी गंमत मधल्या अर्ध्या उघड्या जागेत असते. तपासताना उजव्या हातानं आठव्या मात्रा एकसारख्या वाजवत राहा आणि पाऊल अगदी सावकाश दाबा. आवाज मोकळ्यापासून बंदपर्यंत टप्प्याटप्प्यानं घट्ट होत गेला पाहिजे. दोन-तीन ठिकाणी उडी मारली तर पुढे जाऊ नका. मग काठी बाजूला ठेवून नुसत्या पायानं वाजवा. टाच टेकवून दाबल्यावर ‘चिक’ असा नेटका आवाज यायला हवा, आणि पटकन दाबून सोडल्यावर मोकळा, लांबणारा. खऱ्या स्टँडवर बसणारा, वर-खाली हलणारा हाय-हॅट मिळत असेल तर त्यासाठी एखादा जास्तीचा टॉम सोडून द्यायलाही हरकत नाही.

किकसाठी हातोडीशिवायचे, नुसते दाबायचे पेडल येतात. लहान मुलाच्या सुरुवातीला ते ठीक, पण पायाचं तंत्र घडवायचं असेल तर खरा पेडल लागणारा किक-पॅड घ्या. दोन गोष्टी पाहा: जोरात वाजवल्यावर तो पुढे सरकतो का, आणि डबल पेडलच्या दोन्ही हातोड्या त्यावर बसतील इतका तो रुंद आहे का. मेशच्या किकवर फेल्टची हातोडी घासून जाळी लवकर झिजवते. तिथे हातोडीची प्लॅस्टिकची बाजू वापरावी आणि आघाताच्या जागी चिकटपट्टीचा ठिगळ-पॅच लावावा.

सिंबलबद्दल, म्हणजे झांजांबद्दल, फार लिहायची गरज नाही. लय धरायच्या मोठ्या सिंबलला, म्हणजे राइडला, तीन झोन असावेत (मधली घंटी, पसरट भाग, कडा) आणि जोरदार फटक्याचा सिंबल, म्हणजे क्रॅश, हातानं पकडल्यावर आवाज लगेच थांबावा.

मॉड्यूल कानानं तपासा

मॉड्यूल पारखायची एक खात्रीची युक्ती आहे. स्नेअरवर मध्यम जोरानं सोळाव्या मात्रांचा सलग रोल वाजवा. प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा ऐकू आला तर मॉड्यूल एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवतंय. याला मशीनगन परिणाम म्हणतात. चांगल्या मॉड्यूलमध्ये एका जोरासाठीही दोन-चार वेगवेगळे नमुने आलटून-पालटून वाजतात, किंवा आवाज गणितानं घडवला जातो, आणि रोल जिवंत वाटतो.

दुसरी चाचणी घोस्ट नोटची, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्याची. काठी बोटभर उंचीवरून नुसती पडू द्या. ऐकू आलं पाहिजे, आणि हळूहळू जोर वाढवला की आवाज मोठा होण्याबरोबर त्याचा पोतही बदलला पाहिजे. खरा स्नेअर हळू वाजवला तर वेगळा बोलतो. नुसती पातळी वाढत असेल तर एकच नमुना लहान-मोठा करून वाजवला जातोय.

या दोन्ही चाचण्यांआधी रिव्हर्ब, इक्वलायझर, कॉम्प्रेशन हे आवाज सजवणारे परिणाम बंद करायला सांगा. मोठ्या सभागृहाचा घुमारा लावला की कुठलाही स्नेअर भारदस्त वाटतो.

आघात आणि आवाज यांमधला विलंब १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना जाणवत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तीन मीटरवर ठेवलेला स्पीकर स्वतःच जवळजवळ ९ मिलिसेकंदांचा विलंब आणतो. म्हणून विलंब तपासायचा तो हेडफोन लावूनच, तोही तारेचा. ब्लूटूथ हेडफोननं ही चाचणी करायला जाऊ नका, त्याचा स्वतःचा विलंब याहून कितीतरी जास्त असतो.

सोयींमध्ये यूएसबीतून मिडीबरोबर ध्वनीही जातो का, स्वतःचे नमुने घालता येतात का आणि एखाद-दोन जास्तीची ट्रिगर इनपुट्स (आणखी पॅड जोडायच्या जागा) आहेत का, हे पाहावं. पुढे आणखी एक क्रॅश लावावासा वाटतोच.

सांगाडा, क्लॅम्प आणि केबल्स

स्नेअर-पॅडवर तळहात ठेवून खाली दाबा आणि मग बाजूला हलवा. संपूर्ण रॅक डोलत असेल तर जोरात वाजवताना रोज काही ना काही सैल होणार. लोखंडी किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या चालतात. खरी कमजोरी असते प्लॅस्टिकच्या क्लॅम्पमध्ये. स्क्रू बसतो तिथेच ते तडकतात, आणि बहुधा गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे. क्लॅम्प सुटे मिळतात का, हेही विचारून ठेवा.

काही किट्समध्ये सगळ्या पॅडच्या तारा एका जुडग्यात बांधून २५ पिनांच्या एकाच कनेक्टरनं मॉड्यूलला जोडतात. दिसायला नीटनेटकं, पण आतली एक तार तुटली की सगळं जुडगंच बदलायची वेळ येऊ शकते. प्रत्येक पॅडला साधा पाव इंची जॅक असेल तर एक केबल बदलून काम भागतं.

दुकानात वाजवताना

स्वतःच्या काठ्या आणि हेडफोन घेऊन जा. मांडून ठेवलेल्या किटची सेटिंग्ज अनेकांनी हलवलेली असतात, तेव्हा आधी फॅक्टरी रिसेट करायला सांगा. वरच्या चाचण्या झाल्या की क्रॅशवर एक जोरदार फटका मारा आणि टॉममधून चुकार आवाज येतो का ऐका. येत असेल तर तो क्रॉसटॉक. एका फटक्याला दोन आवाज आले तर तो डबल ट्रिगर. हे दिसताच किट नाकारायची घाई करू नका. थ्रेशोल्ड (किती हलक्या आघातापासून आवाज काढायचा ती मर्यादा), सेन्सिटिव्हिटी (पॅडची संवेदनशीलता) आणि क्रॉसटॉकच्या सेटिंग्जनी बऱ्याचदा हे दोष जातात. सेटिंग करूनही गेले नाहीत, तर मात्र ते किट सोडा.

जुनं किट घेत असाल तर प्रत्येक पॅडचा प्रत्येक झोन वेगळा वाजवून बघा, आणि वाजवताना जॅक हलकेच हलवा. आवाज तुटला तर सोल्डर सुटलेलं आहे. ते दुरुस्त होतं. सिंबलच्या रबराला मधल्या भोकाभोवती भेग, हाय-हॅटच्या पेडलचा अडखळता प्रतिसाद आणि मॉड्यूलच्या हेडफोन-जॅकमधली खरखर या तीन गोष्टी महागात पडतात. पॉवर अ‍ॅडॅप्टर मूळचाच आहे का तेही पाहा, चुकीच्या पोलॅरिटीचा अ‍ॅडॅप्टर मॉड्यूल जाळू शकतो.

ऐकायचं कशावर

चांगलं किट आणि सुमार हेडफोन ही जोडी सर्रास दिसते, आणि दोष मॉड्यूलला दिला जातो. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद हेडफोन घ्या. आवाज बेताचा ठेवा. ८५ डेसिबलवर रोजचे ८ तास ही कामाच्या ठिकाणी धरली जाणारी सुरक्षिततेची मर्यादा आहे, आणि हेडफोनमध्ये ती सहज ओलांडली जाते. स्पीकर हवा असेल तर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर उपयोगाचा नाही. किकचा खर्ज आणि सिंबलची चमक तो दोन्ही कापून टाकतो. १० ते १२ इंची वूफरचा पूर्ण पल्ल्याचा स्पीकर लागतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांना काठ्यांचा आवाज जात नाही, किकचा धक्का जातो. जाड गालिचा त्याला पुरत नाही. किक आणि पेडल फोम-रबराच्या थरांवर ठेवलेल्या फळीवर घ्यावे लागतात.

घरी आणल्यावर

मेश सगळीकडून सारखं ताणा, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं फिरवत. त्यानंतरच सेन्सिटिव्हिटी लावा, कारण ताण बदलला की प्रतिसादही बदलतो. कपच्या उडालेल्या काठ्या मेशवर वापरू नका. जाळी बहुतेक वेळा त्या कपचीनंच फाटते. सिंबलवरचा चाकी-नट अगदी शेवटपर्यंत आवळायचा नाही. सिंबलला थोडं डोलू दिलं तर आघाताचा जोर वाटला जातो आणि भोकाभोवतीचं रबर चिरत नाही.