सुकामेवा आणि चॉकलेटच्या कुकीज, घरच्या घरी

आधी मनुका, क्रॅनबेरी किंवा जर्दाळूचे तुकडे मिळून ७५ ग्रॅम घ्या आणि गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून चांगले कोरडे पुसून घ्या, ही पायरी बरेच जण गाळतात पण कोरडी फळं पिठातला ओलावा ओढतात आणि वरची मनुका तर ओव्हनमध्ये जळून कडूच होते.

मग ११५ ग्रॅम मऊ बटर (वितळलेलं नको, कुकी फार पसरते) आणि १५० ग्रॅम साखर फेटायची, त्यातली १०० ग्रॅम ब्राउन असली तर मधे मस्त मऊ राहतं. १ अंडं, थोडा व्हॅनिला. १८० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग सोडा, चिमूटभर मीठ चाळून घाला आणि जेमतेम एकत्र करा, जास्त मळलं की कुकी चिवट झालीच म्हणून समजा. शेवटी फळं आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, सुरीने ओबडधोबड चिरलेलं, मला ते चिप्सपेक्षा कधीही आवडतं कारण चिप्स आकार सोडत नाहीत आणि हे छान वितळून पसरतं. फळं गोड असतात म्हणून मिल्क चॉकलेट नकोच.

पीठ अर्धा-एक तास फ्रिजमध्ये ठेवा, बटर घट्ट होतं. मग लिंबाएवढे गोळे बटर पेपरवर लांब लांब ठेवून १८० डिग्रीला तापलेल्या ओव्हनमध्ये १० ते १२ मिनिटं. कडा सोनेरी आणि मधे कच्चट दिसलं की बाहेर काढा, घाबरू नका, गरम ट्रेवर ५ मिनिटांत सेट होतात.