कोंबडीची घरघर आणि अंगावरचे किडे: उपचार कुठून सुरू करावेत

पावसाळा लागला की पुण्याजवळ धायरी, वाघोली, मुळशीकडे घरामागच्या खुराड्यांना चारही बाजूंनी ताडपत्री बांधली जाते. कोंबड्या भिजू नयेत हा हेतू चांगला, पण आतली शिट ओली राहते, त्यातून अमोनिया सुटतो, श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते आणि रोगजंतूंना आयती वाट मिळते. कोंबडी शिंकायला लागली की लोक थेट औषधाच्या दुकानात जातात. त्याआधी एक रात्र तपासणीला द्या, असं मी आग्रहानं सांगेन.

रात्रीच का? दिवसाच्या कलकलाटात घरघर ऐकू येत नाही. अंधार पडून तासभर झाला की टॉर्च विझवून खुराड्याशी उकिडवे बसा आणि कान द्या. कोणती कोंबडी घरघरते, कोणती चोच उघडून श्वास घेते ते कळेल. तुमचं नाक कोंबडीच्या उंचीवर असताना डोळे चुरचुरले, तर अर्धं निदान तिथंच झालं. मग टॉर्च लावून बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं फिरवा. तांबडे डाग उमटले तर रेड माइट आहेत. हे किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला कोंबडीवर चढतात, त्यामुळे दिवसा कितीही पाहिलं तरी अंगावर सापडत नाहीत.

उवांचं उलटं असतं. त्या कायम अंगावरच राहतात. सकाळी कोंबडी काखेत धरा, शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर, चपट्या उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गोळे चिकटलेले असतात. तुरा फिका पडला असेल तर अंगात रक्त कमी आहे. अशा अशक्त पक्ष्याला घरघरही लवकर गाठते.

घरघर असेल तर

आजारी कोंबडी आधी वेगळी काढा. डालगं झाकून दुसऱ्या बाजूला, आडोशाला पण हवेशीर जागी ठेवा. दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांना, मग आजारीला, आणि नंतर हात धुवा. ताडपत्री वरून वीतभर मोकळी सोडा. ओलं तूस काढून कोरडं पसरा. बुरशी आलेलं तूस मुळीच वापरू नका, त्या बुरशीनंही फुप्फुसं बिघडतात.

डोळ्यात फेस, नाकातून पाणी आणि दिवसेंदिवस न हटणारी घरघर असेल तर बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा सीआरडी, म्हणजे श्वसनमार्गाचा चिवट आजार, असतो. चेहरा सुजून नाकाच्या स्रावाला दुर्गंधी येत असेल तर कोरायझाची, म्हणजे कोंबड्यांच्या संसर्गजन्य सर्दीची, शंका घ्या. दोन्ही जिवाणूंचे आजार आहेत, त्यावर अँटिबायोटिक चालतं. पण कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. विषाणूच्या आजारावर त्याचा उपयोग नाही आणि अंड्यांतून त्याचा अंश आपल्या ताटात येतो. औषधाचं पाणी रोज ताजं करा, दुसरं पाणी ठेवू नका. पिणंच सोडलेल्या कोंबडीला चोचीच्या कडेनं थेंब थेंब द्या. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड उघडतं, पिचकारी जोरात मारली तर औषध सरळ फुप्फुसात जातं.

हिरवट हगवण आणि मान वाकडी होणं ही मानमोडीची म्हणजे राणीखेतची लक्षणं आहेत. त्यावर औषध नाही, लसच हवी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, डोकं सुजलं किंवा तुरा निळा पडला तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, कापू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा किंवा १९६२ वर फोन करा. पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंधलाच आहे, नमुना कसा पाठवायचा ते दवाखान्यात सांगतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय हाल झाले ते पोल्ट्रीवाल्यांना आजही आठवतं.

किडे आणि जंत

इथं क्रम महत्त्वाचा आहे. कोंबडी घरघरत असताना बंद खुराड्यात पावडर किंवा राख उधळू नका, ती धूळ आजारी फुप्फुसांवर आणखी भार टाकते. उवांची पावडर मोकळ्या जागी, डोकं बाजूला धरून, हातानं पिसांच्या मुळाशी चोळा. लिखा औषधानं मरत नाहीत, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा करा. ही दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात आणि महिन्याभरात उवा परत येतात.

रेड माइटसाठी मात्र औषध खुराड्याला हवं. कोंबड्या बाहेर काढा, दांड्या सोडवा, फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुना फासा. बांबूची टोकं आणि खिळ्यांच्या भोवती विशेष पाहा. फवारणीचं कीटकनाशक पशुवैद्यकानं सांगितलेलंच घ्या. हे किडे रक्त न पिता काही महिने तग धरतात, तेव्हा रिकामं पडलेलं जुनं खुराडंही धुतल्याशिवाय वापरू नका.

पायांचे खवले वर उचलून खडबडीत झाले असतील तर तेही माइटच. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, मऊ ब्रशनं हलके घासा, व्हॅसलीन लावा. खवले ओरबाडू नका, रॉकेल लावू नका. नीट व्हायला काही आठवडे लागतात.

जंतांचं औषध घरघर उतरल्यावर द्या. मान लांब करून जांभई दिल्यासारखी चोच उघडत राहणारी कोंबडी मात्र याला अपवाद, कारण कधी कधी श्वासनलिकेतच जंत असतात. तेव्हा शिट दवाखान्यात तपासून घ्या. लस द्यायची असेल तर जंतनाशक आठवडाभर आधी झालेलं बरं.

औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही अंडी खाऊ नका, विकू नका. सीआरडीतून बरी झालेली कोंबडी जंतू बाळगून राहते आणि तो अंड्यातून पिल्लांत उतरतो. तिची अंडी उबवायला ठेवू नका, ती कोंबडी दुसऱ्याला देऊही नका. आठवडे बाजारातून नवी आणलीत तर तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा आणि पहिल्याच रात्री तिचा श्वास ऐका.