दुबईचा व्हिसा आला म्हणून बैलजोडी विकू नका, आधी या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. कापूस विकला की पोट्टे यायला लागतात, "दादा, दुबईचं झालं माह्यं, एवढी प्रिंट काढून द्या." अन कागदावर लिहिलेलं असते टुरिस्ट.

हीच सगळ्यात मोठी चूक, राजेहो. टुरिस्ट नाहीतर व्हिजिट व्हिसावर तिथं एक दिवसही काम करता येत नाही. आधी कंपनीनं यूएईच्या, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात येते त्याच्या, मनुष्यबळ मंत्रालयातून तुमच्या नावाचं वर्क परमिट काढायचं असते, मग नोकरीचं एन्ट्री परमिट येते, मग विमान, तिथं गेल्यावर मेडिकल अन तिथलं ओळखपत्र, एमिरेट्स आयडी. परमिटचा खर्च कायद्यानं कंपनीचा असते, तुमचा नाही. याले वेळ लागते अन पोट्ट्यायले आठ दिवसात उडायचं असते, म्हणून "तिथं गेल्यावर व्हिसा चेंज होते" म्हणणारा एजंट त्यायले देवमाणूस वाटते.

बाजूच्या गावचा एक वेल्डर पोरगा. बापानं बैलजोडी विकून एजंटले ९० हजार दिले. मी म्हटलं, अरे हे ६० दिवसाचं आहे, यावर कंपनीचं नावच नाही. एजंट फोनवर म्हणे, सगळे असेच जातात. शारजाले साईटवर दोन महिने वेल्डिंग केली, पगार मागितला तर मुकादम म्हणे तू तर आमच्या कागदावरच नाहीस. करार नाही, परमिट नाही, तक्रार कोणत्या तोंडानं करणार, अन व्हिसा संपल्यापासून रोजचा ५० दिरहॅम दंड चालू. त्याची माय दंडाचे पैसे घेऊन दुकानात आली, नोटा पदराच्या गाठीत, गाठ सोडताना हात थरथरत होते. अजून डोळ्यासमोरून जात नाही ते.

दुसरी चूक ईसीआरची, म्हणजे काही देशात नोकरीले जायच्या आधी सरकारची परवानगी लागते असा पासपोर्टवरचा शेरा. दहावी पास असूनही पासपोर्टच्या फॉर्मले मार्कशीट जोडत नाहीत अन ईसीआर पासपोर्ट घेऊन येतात. दहावी झाली नसेल तर बहुतेक वेळा ईसीआरच मिळते, त्यात लाज कायची, पण मग यूएई, सौदी, कतार, कुवेत, मलेशिया असे १८ देश आहेत, तिथं नोकरीले जायच्या आधी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाईटवर क्लिअरन्स, म्हणजे हीच परवानगी, लागते. फिरायले जायचं तर ती लागत नाही, म्हणूनच लबाड एजंट या पोरायले व्हिजिटवर ढकलतात. क्लिअरन्ससोबत प्रवासी भारतीय बीमा योजना काढावी लागते, २ वर्षाले २७५ रुपये अन १० लाखाचा अपघात विमा, हे पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

एजंटचं रजिस्ट्रेशन ई-मायग्रेटवरच पाहून घ्या. त्याले ३० हजार अन वरचा जीएसटी, याच्यापेक्षा जास्त घ्यायचा हक्क नाही, अन पावती मागितल्यावर चिडला तर तिथूनच उठा.

पासपोर्ट निदान ६ महिने चालू पाहिजे. टीसी, आधार अन पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. पासपोर्ट एजंटपाशी ठेवून येऊ नका.

माझ्याकडं कोणी प्रिंटले आलं की मी लाल पेनानं तीन जागी गोल करतो, व्हिसाचा प्रकार, कंपनीचं नाव, कामाचं नाव. एक जरी गोल रिकामा राहिला तर प्रिंटचे पैसे घेत नाही, पोराले बाकड्यावर बसवतो अन त्याच्या बापाले फोन लावतो.