दोन बिलं येतात म्हणजे दोन लाइनी असतातच असं नाही

कापसाचा सीझन ऐन भरात होता. धुळ्याच्या जिनिंगवर वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरची रांग, आणि काट्यावरच्या पोराचा मला जळगावात फोन: "लाईन गयी, भाऊ!" मी निवांत होतो. दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन आहे, आपोआप तिच्यावर जाईल. गेलीच नाही. एरंडोल-पारोळ्याच्या मधे कुठेतरी रस्त्याच्या कामात जेसीबीने एक नळी उचकटली होती, आणि आमच्या दोन्ही कंपन्यांचं फायबर तिच्यातूनच येत होतं. महिन्याला बिलं मात्र दोन भरत होतो.

म्हणून पाच-सहा ऑफिसांचं नेटवर्क बांधताना राउटर कोणता घ्यायचा हे नंतर बघा. आधी प्रत्येक कंपनीकडून फायबरच्या रूटची केएमझेड फाइल (नकाशावर रूटची रेघ दाखवणारी) मागा आणि दोन्ही गूगल अर्थवर एकावर एक टाका. सेल्सवाला "सर, पूर्ण वेगळा रूट आहे" म्हणेल. फाइल येईपर्यंत सही करू नका. ट्रेसरूटवर, म्हणजे डेटाची वाट दाखवणाऱ्या कमांडवर, विसंबू नका, त्यात राउटर दिसतात, खड्डा दिसत नाही. आता आमची एक लाइन महामार्गाने येते आणि दुसरी पाचोरा-चाळीसगाववरून फिरून. शेवटचे दोनशे मीटर तर पायी चालून बघा. आमच्या एका ऑफिसात दोन्ही केबली एकाच खांबावरून उतरल्या होत्या. तिथे एक फायबर ठेवलं आणि दुसरी लाइन गच्चीवर डिश लावून वायरलेस घेतली.

तिसरी म्हणून फोरजीचं सिम ठेवा. त्याला बहुधा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे व्हीपीएनचा टनेल (दोन ऑफिसांमधला इंटरनेटवरचा खासगी रस्ता) शाखेकडूनच सुरू व्हायला हवा. मुख्य ऑफिसातून तो लागणार नाही.

लाइन मेली हे राउटरला कळतं कसं, इथे बरेच जण फसतात. तो कंपनीच्या गेटवेलाच, म्हणजे तिच्या पहिल्या राउटरलाच, पिंग करत (हाक मारून उत्तर येतं का बघत) बसला, तर गेटवे जिवंत आणि पुढे सगळं ठप्प, तरी तो म्हणणार लाइन चालू आहे. पिंग टनेलच्या पलीकडच्या टोकाला लावा. सलग पाच चुकले की लाइन बदलायची, पण परतताना जुनी लाइन पाच मिनिटं सलग ठीक दिसली पाहिजे. नाहीतर तुटक्या लाइनीवर दिवसभर ये-जा चालते.

आता पर्यायी सर्व्हर, म्हणजे डीआर: जळगावचा मुख्य सर्व्हर बंद पडला तर काम चालवणारा. आमचा आधी भुसावळला होता. जळगावपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. मे महिन्यातलं एकच वादळ दोन्हीकडची लाइट घालवू शकतं. तो नाशिकला हलवला. प्रत्येक शाखेतून दोन टनेल, एक जळगावला, एक नाशिकला, दोन्ही कायम चालू. दोन्हीकडचे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) वेगळे ठेवा, सॉफ्टवेअरला आयपी न देता नाव द्या आणि डीएनएसचा (नावावरून आयपी शोधणाऱ्या सोयीचा) टीटीएल, म्हणजे सापडलेला आयपी लक्षात ठेवायची मुदत, 300 सेकंद ठेवा.

किती खर्च करायचा हे शेठना विचारलं तर ते म्हणणार, "काहीच बंद पडायला नको." मी वेगळं विचारलं: काट्याच्या पावत्या हाताने किती वेळ लिहिता येतील? दोन तास. किती वेळाची नोंद पुन्हा भरता येईल? पंधरा मिनिटांची. आकडे मिळाले की पुढचं सोपं. आमचा डेटा दिवसाला साधारण 20 जीबी बदलतो. 20 एमबीपीएसच्या लाइनीवर तो नाशिकला एकदम पाठवला तर सव्वादोन तास जातात, म्हणून दर दहा मिनिटांनी थोडा थोडा पाठवतो. पण ही कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. इथे व्हायरसने फाइली लॉक केल्या की दहा मिनिटांत तिथेही लॉक. रोजचा बॅकअप वेगळा, आणि त्यातली एक डिस्क केबल काढून कपाटात.

लाइनी आपोआप बदलू देत, सर्व्हर मात्र माणसाने बदलायचा. मधला दुवा तुटला की दोन्ही सर्व्हर स्वतःलाच मुख्य समजतात, दोन्हीकडे पावत्या फाटतात, आणि मग हिशेब जुळवायला अकाउंट्सवाल्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

युपीएसच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंशांना धरून लिहिलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडच्या 45च्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेली बॅटरी किती टिकेल, तुम्हीच बघा.

सराव म्हणून तीन महिन्यांतून एका रविवारी जळगावची मेन केबल खरोखर उपसायची. पहिल्या खेपेला मी मुद्दाम शिरपूरला एका लग्नात होतो. नाशिकच्या सर्व्हरवर जायची सगळी कृती नीट लिहिलेली होती, पण ती बंद पडलेल्या सर्व्हरवर! आणि नाशिकच्या लॉगिनचा ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा. बँडच्या आवाजात मी एकेक आकडा ओरडून सांगत होतो. आता ती कृती मोठ्या अक्षरांत छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि दुसरा ओटीपी धुळ्याच्या त्या पोराकडे जातो.